समुद्राचा एखादाच भाग एकदम गरम किंवा थंड का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्राच्या तापमानाचा नकाशा उघडला की बहुतेक ठिकाणी फिके रंग असतात आणि मध्येच कुठेतरी लालभडक किंवा गडद निळा डाग उठून दिसतो. तो दिसला रे दिसला की उत्तरंही घाऊक भावात मिळू लागतात: हवामान बदल, ज्वालामुखी, जहाजांचा धूर, एल निनो. यातलं कुठे काय लागू पडतं आणि कुठे नाही, ते एकेक प्रश्न घेऊन पाहू.

'असामान्य' तापमान म्हणजे नेमकं किती?

ठरावीक असा आकडा नाही. विषुववृत्ताजवळ २८ अंश सेल्सिअस पाणी रोजचंच; उत्तर अटलांटिकमध्ये आइसलँडजवळ तेवढं निघालं तर शास्त्रज्ञ आधी यंत्र तपासतील. म्हणून त्या जागेची, त्या तारखेची दीर्घकालीन सरासरी काढतात आणि आजचं तापमान त्यापेक्षा किती वर-खाली आहे ते बघतात. सरासरी बहुधा ३० वर्षांची असते, सध्या अनेक ठिकाणी १९९१ ते २०२० ची. हा काळ कोणता धरलाय हे नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. १९६१ ते १९९० ची सरासरी धरली तर तेच पाणी नकाशावर कितीतरी जास्त लाल दिसेल.

'सागरी उष्णतेची लाट' या शब्दाला मात्र रूढ व्याख्या आहे. तापमान त्या दिवसासाठीच्या नोंदींपैकी वरच्या १० टक्क्यांत गेलं पाहिजे आणि सलग किमान ५ दिवस तिथे राहिलं पाहिजे.

पृष्ठभागाचं तापमान मुळात ठरतं कशावर?

हा जमाखर्च आहे. जमेला मुख्यतः सूर्यप्रकाश. खर्चाला बाष्पीभवन, पाण्यातून आकाशाकडे निघून जाणारी उष्णता आणि थंड हवेच्या स्पर्शाने होणारी थोडी घट. याशिवाय प्रवाह आडव्या दिशेने गरम किंवा थंड पाणी आणतात आणि खालचं थंड पाणी ढवळून वर येतं.

पण या हिशोबातली सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे ही उष्णता किती खोलीपर्यंत वाटली जाते. वारा आणि लाटा वरचं पाणी ढवळत राहतात, त्यामुळे वरच्या काही मीटरांचं तापमान जवळपास सारखं असतं. याला मिश्र थर म्हणतात. उन्हाळ्यात शांत हवेत तो १०-२० मीटर जाडीचा असू शकतो, हिवाळ्यातल्या वादळी समुद्रात १०० मीटरच्याही पुढे जातो.

आता साधं गणित करा. एखाद्या भागात महिनाभर दर चौरस मीटरला २० वॅट जादा उष्णता मिळाली. थोडे ढग कमी झाले, थोडा वारा मंदावला, तरी एवढा फरक सहज पडतो. थर १०० मीटरचा असेल तर महिन्याअखेर तापमान जेमतेम ०.१ अंशाने वाढेल. २० मीटरचा असेल तर ०.६ अंशाने. आणि थर १० मीटरवर आला असेल तर सव्वा अंशाने! उष्णता तेवढीच, नकाशावरचा रंग मात्र वेगळाच. म्हणूनच लाल डाग बघून 'एवढी उष्णता आली कुठून' असं विचारण्याआधी 'ती किती पातळ थरात अडकली' हे विचारलेलं बरं.

मग पहिला संशय कशावर घ्यायचा?

वाऱ्यावर. माझं मत विचाराल तर कुठलाही डाग दिसला की आधी तिथल्या वाऱ्याची गेल्या दोन-तीन महिन्यांची नोंद काढावी, बाकीचं सगळं नंतर. गरम पेयावर फुंकर घातली की ते निवतं, तसंच वारा बाष्पीभवन वाढवून समुद्राची उष्णता पळवतो. शिवाय तो पाणी ढवळून खालचा गारवा वर आणतो. वारा पडला की दोन्ही कामं एकदम थांबतात आणि वर मिश्र थरही पातळ होतो. म्हणजे एकाच कारणाचा तिहेरी फटका.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ईशान्य प्रशांत महासागरातलं. २०१३ च्या अखेरीस अलास्काच्या आखाताकडे पाणी तापू लागलं. २०१४ मध्ये वॉशिंग्टन राज्याचे हवामानतज्ज्ञ निक बाँड यांनी त्याला 'द ब्लॉब' असं नाव दिलं आणि तेच चिकटलं. त्या वर्षीच्या जूनपर्यंत हा डाग दोन्ही दिशांना सुमारे १,६०० किलोमीटर पसरला होता, जवळजवळ ९० मीटर खोल गेला होता आणि पाणी सरासरीपेक्षा २.५ अंशांच्या आसपास गरम होतं. कारण होतं हवेच्या जास्त दाबाचा एक हट्टी पट्टा, जो महिनोन् महिने जागचा हलला नाही. एरवी हिवाळ्यात तिथे वादळांची रांग लागते. ती या पट्ट्याने दुसरीकडे वळवली. समुद्र हिवाळ्यात जितका थंड व्हायला हवा होता तितका झालाच नाही.

इथे एक गोष्ट सहज निसटते. त्या समुद्राला कुणी जादा तापवलं नव्हतं, त्याचं निवणं राहून गेलं होतं. पुढच्या दोन वर्षांत अन्नसाखळी कोलमडली. अलास्कात कॉमन मर या समुद्रपक्ष्यांचे अंदाजे ४० लाख जीव गेले, असा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

वारा वाढला तर पाणी थंडच होतं का?

बहुतेक वेळा, आणि कधीकधी फार झपाट्याने. मेक्सिकोच्या दक्षिण किनाऱ्यावर तेहुआंतेपेकचं आखात आहे. हिवाळ्यात डोंगरांमधल्या खिंडीतून जोराचा वारा थेट या आखातावर सुटतो आणि भोवती उबदार उष्णकटिबंधीय समुद्र असताना मधोमध गार पाण्याची जीभ शेकडो किलोमीटर बाहेर पसरते. उपग्रहाच्या चित्रात ती इतकी स्पष्ट असते की वाऱ्याची दिशा सांगावी लागत नाही.

चक्रीवादळही मागे गार पाण्याचा माग सोडून जातं, १ ते ६ अंशांपर्यंत. आणि किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो. त्याची जागा घ्यायला खोलातलं थंड पाणी वर येतं. पेरू, कॅलिफोर्निया, नामिबिया आणि उन्हाळ्यात सोमालिया, या सगळ्या किनाऱ्यांवरचं पाणी त्याच अक्षांशावरच्या इतर समुद्रांपेक्षा गार असतं ते यामुळेच. हा वारा एखाद्या वर्षी कमी पडला तर तिथे 'गरम डाग' दिसतो, आणि लोक उष्णतेचा उगम शोधत बसतात.

एल निनो हे कारण आहे की परिणाम?

दोन्ही, आणि त्यातच त्याची मेख आहे. एरवी व्यापारी वारे प्रशांत महासागरातलं गरम पाणी पश्चिमेकडे ढकलतात, इतकं की इंडोनेशियाकडची समुद्रपातळी दक्षिण अमेरिकेकडच्या पातळीपेक्षा साधारण अर्धा मीटर उंच असते. वारे ढिले पडले की ते पाणी पूर्वेकडे सरकतं; हाच एल निनो. पूर्वेचं पाणी तापलं की पूर्व-पश्चिम तापमानातला फरक कमी होतो, म्हणून वारे आणखी ढिले पडतात. हे चक्र याकोब बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये उलगडून दाखवलं.

प्रशांतच्या मध्य-पूर्व भागातला ठरावीक चौकोन सरासरीपेक्षा ०.५ अंशाने तापला आणि टिकला की एल निनोची चाहूल मानतात. १९९७-९८ आणि २०१५-१६ मध्ये हा फरक २ अंशांच्या वर गेला होता.

त्याचे पडसाद दूरवर उमटतात. वातावरणातली हालचाल बदलते, त्यामुळे उष्णकटिबंधीय उत्तर अटलांटिकवरचे वारे मंदावतात आणि काही महिन्यांनी तेही पाणी तापतं. म्हणजे पाणी कुठूनही वाहून न येता एका महासागराची बातमी दुसऱ्यापर्यंत हवेतून पोहोचते.

हिंद महासागरात असं काही घडतं का?

घडतं. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हिंद महासागरातला द्विध्रुव मांडला. त्याच्या धन अवस्थेत सुमात्राजवळचं पाणी गार पडतं आणि आफ्रिकेकडचं तापतं. ऋण अवस्थेत उलट. २०१९ ची धन अवस्था नोंदींमधल्या सर्वांत तीव्र घटनांपैकी एक होती. इथेही सूत्रधार वाराच.

गरम पाणी प्रवाहाने वाहून आलंय हे कसं ओळखायचं?

खोली बघा. हवेमुळे तापलेलं पाणी बहुधा वरवर तापलेलं असतं. प्रवाहाने आणलेली उष्णता शेकडो मीटर खोल असू शकते आणि प्रवाहाच्या वाटेवरच पट्ट्यासारखी दिसते.

२०११ च्या सुरुवातीला पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला पाणी सरासरीपेक्षा ३ अंशांहून जास्त तापलं. तेव्हा प्रशांतमध्ये जोरदार ला निना (एल निनोच्या उलट अवस्था) होता, म्हणजे पश्चिमेला गरम पाण्याचा साठा फुगलेला. ते पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंद महासागरात उतरलं आणि दक्षिणेकडे वाहणाऱ्या ल्यूविन प्रवाहाला बळ मिळालं. कालबारीजवळ सुमारे १०० किलोमीटर किनाऱ्यावरची केल्प या समुद्री शैवालाची जंगलं गेली. ला निना म्हणजे थंडावा असं समीकरण डोक्यात पक्कं असेल तर ही घटना ध्यानात ठेवावी.

२०१५-१६ मध्ये टास्मान समुद्रात २५१ दिवस चाललेल्या लाटेमागेही पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाहाचा दक्षिणेकडे वाढलेला जोर होता. जपानच्या पूर्वेला २०२३ पासून दिसलेला कडक लाल पट्टा कुरोशिओ प्रवाहाचं पुढचं टोक नेहमीपेक्षा बरंच उत्तरेला सरकल्याचा होता. तिथे तर समुद्र तापला म्हणण्यापेक्षा प्रवाहाने वाट बदलली म्हणणं जास्त खरं.

समुद्राखालचे ज्वालामुखी पाणी तापवत असतील ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून आकडेच मांडतो. समुद्रतळातून पृथ्वीच्या पोटातली उष्णता सतत बाहेर पडते, पण सरासरी दर चौरस मीटरला सुमारे ०.१ वॅट. वरून समुद्राला मिळणारी सूर्याची उष्णता याच्या हजारपटीहून जास्त आहे.

ठीक, पण एखादा मोठा उद्रेक झाला तर? वर सांगितलेल्या ब्लॉबचंच माप घेऊ: १,६०० बाय १,६०० किलोमीटर, ९० मीटर खोल, २.५ अंश. एवढं पाणी तापवायला जितकी उष्णता लागते ती मिळवायची तर ढोबळमानाने ५०० घन किलोमीटरहून जास्त वितळलेला लाव्हा त्यात ओतून पूर्ण निववावा लागेल. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा बाहेर पडलेला सगळा ऐवज साधारण १० घन किलोमीटर होता. असे पन्नास पिनाटुबो समुद्राखाली फुटले आणि कुठल्याही भूकंपमापकाला पत्ता लागला नाही, हे मानायचं तर मानावं.

शिवाय तळाशी तापलेलं पाणी वर येताना आजूबाजूच्या थंड पाण्यात मिसळत जातं. उष्ण झऱ्यांच्या तोंडाशी ३५० अंशांहून जास्त तापमान असतं, तरी वर दोन-अडीच किलोमीटरवरच्या पृष्ठभागाला त्याची गंधवार्ता नसते. उथळ उद्रेकाने काही किलोमीटरांपुरता पाण्याचा रंग आणि तापमान बदलतं, एवढं खरं.

आणि आकाशात राख उडवणारे ज्वालामुखी?

ते परिणाम करतात, पण उलट दिशेने: पिनाटुबोच्या गंधकाच्या कणांनी ऊन अडवलं आणि १९९२ मध्ये जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरलं. टोंगाजवळच्या हुंगा ज्वालामुखीने १५ जानेवारी २०२२ रोजी सुमारे १५ कोटी टन पाण्याची वाफ स्थितांबरात फेकली. वाफ उष्णता धरते, म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं गेलं. पण निव्वळ परिणाम फारच लहान निघाला आणि त्याने एखाद्याच समुद्राचा पट्टा तापावा असा तो नव्हताच.

२०२३ मध्ये उत्तर अटलांटिक एवढा का तापला?

एका ओळीचं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्या वर्षी मे-जूनमध्ये अझोर्स बेटांजवळचा जास्त दाबाचा पट्टा कमकुवत होता. व्यापारी वारे मंदावले, मिश्र थर कमालीचा उथळ झाला. सहाराची धूळ कमी उडाली, म्हणून ऊन जास्त पोहोचलं. त्यात एल निनो उभा राहत होता. आणि हे सगळं घडलं ते दीर्घकाळ तापत आलेल्या महासागरावर. ऑगस्टमध्ये उत्तर अटलांटिकच्या सरासरीने २५ अंश ओलांडले.

जहाजांच्या इंधनाचा मुद्दाही इथलाच. १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय नियमाने जहाजांच्या इंधनातलं गंधक ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणलं. गंधकाच्या कणांमुळे समुद्रावरचे सखल ढग जास्त पांढरे आणि दाट होत असत. ते कण घटले, ढग विरळ झाले, ऊन वाढलं. उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांत या वर्दळीच्या मार्गांवर हा परिणाम खरा आहे. त्याच्या आकाराबद्दल संशोधकांत वाद आहेत. पण नियम २०२० पासून सतत लागू आहे आणि उडी २०२३ च्या काही आठवड्यांत आली. उडीचं श्रेय एकट्या इंधनाला देता येत नाही.

जग तापतंय, मग ग्रीनलँडच्या दक्षिणेला थंड डाग कसा?

गेल्या शतकभरात जवळपास सगळा समुद्र तापला, हा तुकडा मात्र गार पडला. २०१५ मध्ये तर तिथे विक्रमी थंडी नोंदली गेली. मुख्य संशयित म्हणजे अटलांटिकमधलं मोठं उलथापालथीचं अभिसरण, जे दक्षिणेचं गरम पाणी वरून उत्तरेला नेतं आणि थंड, खारट पाणी खोलातून परत आणतं. ते मंदावलं तर या भागाला मिळणारी उष्णता घटते. ग्रीनलँडच्या वितळत्या बर्फाचं गोडं पाणी वर तरंगतं, वरचं पाणी हलकं होतं आणि बुडायला कुचराई करतं.

पण या अभिसरणाचं सलग थेट मोजमाप २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४ पासूनच सुरू आहे, आणि शतकाच्या प्रश्नाला दोन दशकांच्या नोंदी तोकड्या पडतात. जोरदार पश्चिमी वाऱ्यांनी तिथली उष्णता जास्त उडवली आणि ढगही बदलले, हे मुद्देही पुढे आले आहेत. मला यात अभिसरणाचं पारडं जड वाटतं, पण वाऱ्याचा वाटा शून्य धरणाऱ्या मथळ्यांशी मी सहमत नाही.

म्हणजे हवामान बदल हे कारण आहे की नाही?

तो पायाची पातळी उंचावतो. हरितगृह वायूंमुळे साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास महासागरांनी घेतली आहे. १८५०-१९०० च्या तुलनेत २०११-२०२० या दशकात जागतिक समुद्रपृष्ठ सुमारे ०.९ अंशाने गरम होतं. १९८० च्या दशकापासून सागरी उष्णतेच्या लाटांची वारंवारिता जवळपास दुप्पट झाली. एखादा डाग याच वर्षी, याच ठिकाणी का आला, हे वारा, प्रवाह आणि ढग ठरवतात. तो विक्रम मोडतो का, हे बऱ्याचदा पाया ठरवतो. 'हे नैसर्गिक की मानवी' असा दुभंग करून विचारलेल्या प्रश्नाला म्हणूनच सरळ उत्तर मिळत नाही.

नद्यांच्या पाण्याचा काही संबंध?

आहे. गोडं पाणी हलकं, ते वर पसरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्याशी सहज मिसळत नाही. बंगालच्या उपसागरात आणि ॲमेझॉनच्या मुखासमोर असा झाकणासारखा थर बनतो. वादळ आलं तरी खालचा गारवा वर येत नाही, पृष्ठभाग उबदार राहतो.

वीज केंद्रांचं गरम पाणी?

सोडलेल्या जागेपासून फार तर काही किलोमीटर. महासागराच्या नकाशावर त्याचा ठिपकाही उमटत नाही.

मोजमापच चुकलं असेल तर?

शंका रास्त आहे, आणि इतिहासात तिला भक्कम आधार आहे. मार्च-एप्रिल १९८२ मध्ये मेक्सिकोतला एल चिचोन ज्वालामुखी फुटला. त्याचे कण हवेत पसरले आणि उपग्रहांना समुद्र प्रत्यक्षापेक्षा काही अंश थंड दिसू लागला. नेमकं त्याच वर्षी प्रशांतमध्ये शतकातला एक प्रचंड एल निनो तयार होत होता. जहाजांकडून गरम पाण्याच्या नोंदी येत होत्या, पण 'एवढं तापमान शक्यच नाही' म्हणून संगणकाच्या गाळणीत त्या बाद होत गेल्या. एल निनो पूर्ण भरात आला तेव्हा कुठे तज्ज्ञांच्या लक्षात आलं. त्यानंतरच प्रशांतच्या विषुववृत्तावर नांगरलेल्या बोयांचं, म्हणजे तरंगत्या मोजयंत्रांचं, जाळं उभारलं गेलं. ते १९९४ मध्ये पूर्ण झालं.

जुन्या नोंदींची तऱ्हा वेगळीच. खलाशी कॅनव्हासच्या बादलीने पाणी काढत. डेकवर वाऱ्यात ती बादली क्षणभर जास्त राहिली तरी पाणी निवायचं. पुढे इंजिनात शिरणारं पाणी मोजू लागले, ते किंचित गरम निघायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर मोजणारी जहाजं आणि पद्धती बदलल्या, तेव्हा आलेख एकदम हलला. हे दोष आता दुरुस्त केले जातात.

उपग्रहाचा इन्फ्रारेड संवेदक तर पाण्याचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा पापुद्रा बघतो. शांत दुपारी तो खालच्या पाण्यापेक्षा बराच गरम असू शकतो. २४ जुलै २०२३ रोजी फ्लोरिडाच्या मॅनाटी बे मध्ये एका बोयाने ३८.४ अंश दाखवले आणि 'समुद्राचा जागतिक विक्रम' म्हणून बातमी झाली. तो बोया उथळ, गढूळ पाण्यात होता. असं काळपट पाणी ऊन शोषून भराभर तापतं. आकडा खोटा नव्हता, पण तो खुल्या समुद्राबद्दल फारसं सांगत नव्हता.

नकाशावर डाग दिसला तर मी काय पाहावं?

आधी सरासरीचा काळ. मग तो डाग ढगांच्या मागे भरून काढलेला अंदाज आहे की प्रत्यक्ष मोजमाप. त्यानंतर वारा आणि हवेचा दाब, शक्यतो मागच्या दोन-तीन महिन्यांचा, आणि आर्गो तरंगकांच्या नोंदी. असे सुमारे ४,००० तरंगक जगभर फिरतात, दर १० दिवसांनी २,००० मीटरवरून वर येतात आणि गरमी किती खोल आहे ते सांगतात. डाग वरच्या २० मीटरमध्येच संपत असेल तर एक जोरदार वादळ तो पुसू शकतं. २०० मीटर खोल असेल तर मुक्काम लांबणार.

असा डाग किती दिवस टिकतो?

काही दिवसांपासून काही वर्षांपर्यंत. यात एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. हिवाळ्यात खोल मिश्र थरात जादा उष्णता साठते. उन्हाळ्यात वर नवा पातळ थर तयार होतो आणि ती उष्णता त्याखाली झाकली जाते. पृष्ठभागाचा नकाशा साफ दिसतो, सगळं पूर्ववत झालं असं वाटतं. पुढच्या हिवाळ्यात वादळं पुन्हा खोलवर ढवळतात आणि तोच डाग जवळपास त्याच जागी परत वर येतो. उत्तर प्रशांत आणि उत्तर अटलांटिक, दोन्हीकडे हे दिसून आलंय. त्यामुळे उन्हाळ्यात लाट 'संपली' अशी बातमी वाचली तर खालच्या १०० मीटरचं तापमान पाहिल्याशिवाय ती मान्य करू नये.